ताईच्या पावातला कोंडा

पावमामाच्या बेकरीत सकाळचं पहिलं काम पाव भाजण्याचं नव्हतं, साखर जाळण्याचं होतं. मागच्या खोलीत, भट्टीशेजारच्या शेगडीवर, जाड बुडाची एक लोखंडी कढई कायमची मुक्कामाला होती. तिच्यात साखर टाकून तो उलथन्याने ढवळत उभा राहायचा. साखर आधी पाघळायची, मग सोनेरी व्हायची, आणि इथपर्यंत असा वास सुटायचा की कुणालाही पुन्हा लहान झाल्यासारखं वाटावं. पावमामा मात्र तिथे थांबायचा नाही. साखर काळी होऊन धूर सोडायला लागली की तोंड बाजूला करून तो तिच्यावर पाणी ओतायचा. कढई फिसकारायची आणि मागे उरायचं दाट, काळं, कडू पाणी. त्याला बेकरीत 'रंग' म्हणत. म्हणत म्हणजे एकटा पावमामाच म्हणायचा, कारण मागच्या खोलीत तो दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देत नसे.

पावमामा हे नाव त्याच्या भाच्याने पाडलेलं. लहानपणी तो दुकानात येऊन 'मामा, पाव' एवढंच म्हणायचा. ते गल्लीने उचललं आणि आता त्याच्याहून मोठी माणसंही त्याला मामा म्हणत. माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. लग्नाच्या भानगडीत पडला नाही, भट्टी सोडून कधी कुठे रमला नाही. मापात पाप नाही, शिळं ताजं म्हणून विकणं नाही. गल्लीत त्याच्या शब्दाला किंमत होती, आणि पुढे तीच त्याला नडली.

झालं होतं असं, की कोपऱ्यावर एक चकचकीत दुकान निघालं आणि त्याने तब्येतीचा पाव विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं येऊन पावमामाला विचारू लागली, तुमच्याकडे ब्राऊन नाही का? पावमामाने आधी प्रामाणिकपणे कोंडा घालून पाव केला. कोंड्याने पाव फुगू दिला नाही. साच्यातून जे बाहेर पडलं ते भिंत बांधायच्या कामाचं होतं. विकत कुणी घेतलं नाही. मग धंद्यातल्या एका ओळखीच्याने कानात सांगितलं, अरे, लोक डोळ्यांनी खातात. साखर जाळ, मैद्यात घाल, रंग येतो. पावमामाने घातली. रंग झकास आला, पण पाव कडवट झाला. तो कडवटपणा मारायला त्याने आणखी साखर घातली, चांगली सढळ हाताने. असा तो पाव झाला: आत मैदा, जळलेली साखर, न जळलेली साखर आणि वरून शोभेला चिमूटभर कोंडा. दिवस वर यायच्या आत ट्रे रिकामे व्हायला लागले. ब्राऊन असूनही किती मऊ, असं लोक म्हणायचे.

पाटीवर 'ब्राऊन पाव' एवढंच लिहिलं होतं. रंग ब्राऊन, पाव ब्राऊन, मग यात खोटं काय? असा वाद पावमामा स्वतःशीच घालायचा आणि स्वतःच जिंकायचा. समोर दुसरा वकील नसला की जिंकायला फारसं काही लागत नाही.

आणि एक दिवस ताईची साखर वाढली.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पावमामा शेंबडं पोर होता आणि ताई स्वतः फार मोठी होती असं नाही, पण तिने त्याला कडेवर घेतलं ते घेतलंच. त्याची नखं कापली, त्याला न्हाऊमाखू घातलं, खोटं बोलला म्हणून एकदा उपाशी ठेवलं आणि मग स्वतःही जेवली नाही. तिचा एकच शौक होता, गोड. तिच्या चहात चमचा उभा राहील असं घरात सगळे म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की आता साखर कमी आणि चोथा जास्त. चोथा म्हणजे काय, तर सालं, दांडे, कोंडा, आजवर जे गाळून आणि चाळून फेकून दिलं ते सगळं. ताईने ऐकून घेतलं, आणि ती एकदा ऐकून घ्यायची तेव्हा ते दगडावर कोरल्यासारखं असायचं.

दवाखान्यातून ती घरी गेलीच नाही, थेट बेकरीत आली. सकाळची गर्दी होती. तिने सगळ्यांदेखत जाहीर केलं की आजपासून साखरेवर पाणी सोडलं, चहासुद्धा बिनसाखरेचा, आणि आता कोंडा खायचा. रांगेतले पेन्शनरकाका म्हणाले की कोंडा डोक्यात होतो हे ठाऊक होतं, पोटात घालायचा असतो हे नवीनच ऐकतोय. सगळे हसले, ताईही पोट धरून हसली. मग तिने मांडणीवरचा ब्राऊन पाव उचलून हातावर तोलला आणि भावाकडे पाहिलं.

"यात कोंडा आहे ना रे?"

पावमामाच्या हातात चिमटा होता. तो त्याने उगाच एकदा उघडला आणि मिटला.

"दिसतोय की," तो म्हणाला.

दिसत होताच. वर भुरभुरलेला होता. शब्दाला शब्द लावून पाहिलं तर तो खोटं बोलला नव्हता. पण त्याचे कान तापले. ताईने पाव पिशवीत टाकला आणि रांगेकडे वळून म्हणाली की आमच्या घरात औषध पिकतं आणि मी वेडी गावभर फिरत होते.

त्यानंतर ती त्या पावाची चालतीबोलती जाहिरात झाली. सकाळी पाव, दुपारी जेवणाच्या जागी पाव, संध्याकाळी पाव. चहा पिताना औषध प्यायल्यासारखं तोंड करायची, पण साखरेच्या डब्याकडे ढुंकून पाहायची नाही. दारात भेटेल त्याला सांगायची की कोंडा खा, माझ्या भावाकडचा खा. गल्लीतल्या शिलाईवालीने तिच्या सांगण्यावरून ब्राऊन सुरू केला, पेन्शनरकाकांनी केला. पावमामाचा धंदा वाढला आणि झोप कमी झाली. लाज वाटायची, पण ती सकाळी कढईसमोर वाटायची आणि काउंटरवर आला की कामात विरून जायची. अशी हप्त्याहप्त्याने वाटणारी लाज माणूस बराच काळ पचवू शकतो.

एकदा त्याने धीर करून तिच्यापुरता खरा पाव भाजला. निम्मा कोंडा, साखर नाही, रंग नाही. कागदात गुंडाळून, हा खास तुझ्यासाठी, म्हणून दिला. दुसऱ्या दिवशी ताई तो एक तुकडा तोडलेला पाव तसाच परत घेऊन आली. म्हणाली, काल तुझी भट्टी बिघडली वाटतं, हा तुझ्या हातचा नाही, मला आपला नेहमीचा दे. पावमामाने नेहमीचा दिला. खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. पण रांग होती, ताई हसत होती, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

मग ताईची पुन्हा तपासणी झाली. साखर कमी व्हायची सोडून चढली होती. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं की रक्त खोटं बोलत नाही, घरात कुणीतरी चोरून खातंय. ताईने आपण काही खात नाही असं सांगितलं. बाई म्हणाल्या, सगळे पेशंट हेच म्हणतात.

भाचा आणि त्याची बायको काही वाईट माणसं नव्हती. आईला काही झालं तर, या धास्तीने दोघांची झोप उडाली होती, आणि घाबरलेली माणसं आधी कपाटं तपासतात. सुनेने साखरेचा डबा कुलपात ठेवला. बिस्किटं ऑफिसला नेऊन वाटून टाकली. ताईच्या खणात तिला चार गोळ्या सापडल्या, रंगीत कागदातल्या. ताई म्हणाली की त्या शेजारच्या चिमुरडीसाठी ठेवल्यात, ती आली की देते. खरंच होतं ते. पण ते ऐकताना भाच्याने मान फिरवली. त्या दिवसापासून ताई स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली तरी मागून कुणीतरी काहीतरी शोधायच्या निमित्ताने यायचं.

शेवटी भाच्याने मामाला घरी बोलावलं. मामा, ती तुझंच ऐकते, तू समजव, असं म्हणाला.

पावमामा हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून गेला. बैठकीच्या खोलीत खुर्च्या अशा मांडल्या होत्या की ताई एकीकडे आणि बाकीचे तिघे एकीकडे. सुनेने सगळ्यांना चहा दिला, ताईला बिनसाखरेचा. भाच्याने हळू आवाजात सगळं सांगितलं: आकडे, गोळ्या, डॉक्टरांचं बोलणं. सून म्हणाली की आम्हाला राग नाही, त्यांनी फक्त कबूल करावं, म्हणजे उपाय करता येईल. ताईने कप खाली ठेवला. तिच्या कपाळावर घाम आला होता. या वयात, स्वतःच्या घरात, मुलासमोर तिला चोर ठरवत होते आणि तिच्याकडे पुरावा म्हणून फक्त तिचं तोंड होतं.

"तूच सांग यांना," ती पावमामाला म्हणाली. "मी कधी चोरून खाल्लंय का? कधी खोटं बोललेय का?"

तिघेही त्याच्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याच्या घशाशी आलंही होतं. पण त्याने भाच्याकडे पाहिलं, ज्याने त्याला नाव दिलं होतं, आणि सुनेकडे पाहिलं, जी त्याच्याशी अदबीने बोलायची. उद्या हीच माणसं आपल्याकडे कशी बघतील ते त्याला स्पष्ट दिसलं. आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"ताई," तो म्हणाला, "होतं माणसाकडून एखाद्या वेळी."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती आठवत होती. खरोखर आठवत होती, आपण कधी, कुठे, काय तोंडात टाकलं ते.

"होत असेल," ती शेवटी म्हणाली. "तू म्हणतोस म्हणजे होत असेल. झोपेत वगैरे उठून खात असेन मी. वय झालं की होतं म्हणे असं."

सुनेने पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. भाच्याचे डोळे भरले. सगळ्यांना हायसं वाटलं. जिन्यापर्यंत सोडायला आलेला भाचा म्हणाला, मामा, तू होतास म्हणून झालं. पावमामा जिना उतरला आणि खाली बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. त्याला धरणीकडेसुद्धा तोंड करायची लाज वाटत होती.

दोन-तीन दिवस ताई फिरकली नाही. मग एका सकाळी आली. नेहमीसारखी नाही, रांगेत शेवटी उभी राहिली, कुणाशी न बोलता. नंबर आला तेव्हा तिने पावाकडे बोट दाखवलं आणि तब्येत कशी आहे असं त्याने विचारल्यावर जरा हसली. आवाज खाली आणून, जणू काही फार मोठं नाही अशा सुरात, म्हणाली की आता ठीक आहे, झोपायच्या आधी ती सुनेला बाहेरून कडी लावायला सांगते. म्हणजे झोपेत उठून स्वयंपाकघरात जायची भीती नाही. सून नको म्हणत होती, पण तिनेच लावायला लावली.

"मोरी आहे आतच," ती म्हणाली. "त्रास काही नाही."

पावमामाने हातातला पाव मांडणीवर परत ठेवला. काउंटरची फळी वर उचलली. "आत ये," तो म्हणाला. ताई गोंधळली. रांगेत मागे पेन्शनरकाका येऊन उभे होते, त्यांनाही काही कळेना. पावमामाने तिचा हात धरला आणि तिला मागच्या खोलीत नेलं.

शेगडीवर कढई होती. रंग नुकताच झाला होता, अजून वाफ निघत होती. ताईने नाकाला पदर लावला.

"काय करपवलंस रे हे?"

"साखर."

"अगंबाई. सगळी वाया गेली."

"वाया नाही गेली. ती तुझ्या पावात जाते."

तिला कळलं नाही. त्याने सांगितलं. मैद्याचं पोतं दाखवलं, साखरेचं पोतं दाखवलं, आणि कोपऱ्यातली कोंड्याची ती एवढीशी पुडी दाखवली. प्रत्येक गोष्ट बोटाने दाखवत सांगितली, कारण तिच्याकडे बघत सांगणं त्याला जमेना. ताई ऐकत राहिली. मग तिने कढईच्या काठावरचा निवालेला थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"कडू आहे," ती म्हणाली.

"म्हणून वरून आणखी साखर घालतो."

ती मैद्याच्या पोत्यावर बसली. मग तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळलं, इतकं की पावमामाला क्षणभर वाटलं, ती आता हसणार.

"म्हणजे मी नाही खाल्लं," ती म्हणाली. "मी झोपेत नाही उठले. मी काहीच नाही केलं."

"नाही, ताई."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडली. ते रडणं सुटकेचं होतं, आणि ते बघत उभं राहणं हीच पावमामाची शिक्षा होती. मग तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच बघायची, पण तेव्हा तिला पुढे काय करायचं ते माहीत असायचं.

"त्या दिवशी तू म्हणालास, होतं माणसाकडून," ती म्हणाली. "ते माझ्याबद्दल म्हणालास, का तुझ्याबद्दल?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

बाहेरून पेन्शनरकाकांनी हाक मारली, मामा, आज ब्राऊन मिळणार आहे की नाही? ताई उठली. त्याच्या पुढे चालत बाहेर आली आणि फळीच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिली. पेन्शनरकाकांनी पाव उचलून तिच्याकडेच कौतुकाने बघत विचारलं, काय ताई, भरपूर कोंडा आहे ना यात? इतके दिवस ते तिलाच विचारत आले होते आणि तीच उत्तर देत आली होती.

"त्याला विचारा," ताई म्हणाली.

पावमामाने दोन्ही हात काउंटरवर टेकवले. "नाही," तो म्हणाला. "कोंडा नाही यात. मैदा आहे आणि साखर आहे. आत कोंडा कधीच नव्हता." पेन्शनरकाकांनी पाव जागेवर ठेवला. इतकी वर्षं मामा म्हणणारा माणूस कोऱ्या चेहऱ्याने नुसतं 'बरं' म्हणून निघून गेला.

मग तो पिठाच्या हातांनीच ताईबरोबर तिच्या घरी गेला. सुनेला आणि भाच्याला तेच सांगितलं, उभ्याउभ्याच, कारण कुणी बस म्हटलं नाही. भाचा पाठ फिरवून खिडकीशी गेला. सून आधी सासूच्या गळ्यात पडली, मग आत जाऊन कुलूप काढून साखरेचा डबा आणला आणि ओट्यावर त्याच्या जागी ठेवला. तो डबा बघून ताई म्हणाली की आता तिला साखर नकोच आहे.

ही गोष्ट इथे संपली असती तर पावमामाला बरं वाटलं असतं. केलं, कबूल केलं, सुटलो. पण ताई त्याला इतक्या स्वस्तात सोडणारी नव्हती, आणि तिने त्याला टाकलंही नाही.

आता तो खरा कोंड्याचा पाव करतो. अजून तो नीट फुगत नाही, मधेच चिरतो, थोडेच लोक घेतात. कढई मागच्या खोलीत उलटी ठेवलेली आहे. पेन्शनरकाका कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. ताईची साखर उतरणीला लागली आहे, डॉक्टरीणबाईंनी तिची पाठ थोपटली, आणि चहा ती अजून बिनसाखरेचाच घेते, तोंड वाकडं करत.

ती रोज येते. रांगेत आपल्या नंबरावर उभी राहते. नंबर आला की एक पाव उचलते आणि विचारते, "यात कोंडा आहे ना?" पूर्वी मागे 'रे' असायचा, आता नसतो. पावमामा 'आहे' म्हणतो. ती मान हलवते, पण पाव पिशवीत टाकत नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, तो मधोमध मोडते. आतला तुकडा काढून बोटांमध्ये चुरते, बोट उजेडाकडे धरते, आणि टोकाला चिकटलेला कोंडा नीट निरखते. मागची माणसं खोळंबतात. पावमामा चिमटा हातात धरून, मान खाली घालून थांबतो, रोज, आणि रोज त्याचे कान तापतात.

"दिसतोय," ती म्हणते, आणि मोडलेला पाव पिशवीत घालून घरी जाते.